पूर्वज, पितर, वाडवडील, पूर्वस : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती पोचवले की म्हाळाचे दिवस येतात. गावच्या घराकडे लक्ष लागलेली मुंबई-पुण्याची माणसं त्या पंधरवड्यात हमखास काही ना काही विचारतात. कुणाला शब्दाचा अर्थ हवा असतो, कुणाला वंशावळीत एक नाव बसत नसतं, कुणी सातबाऱ्यावरच्या एका रकान्याशी अडलेलं असतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मागे गेलेल्या माणसांसाठी मराठीत बरेच शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द वेगळं नातं सांगतो. ते वेगळेपण टिकावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. विधी कसा करावा हे मात्र घरच्या भटजींना आणि गावच्या मानकऱ्यांना विचारावं. इथे विधीचा उल्लेख शब्द समजण्यापुरताच येतो.

१. पूर्वज म्हणजे नेमकं कोण? आजोबा हयात असतील तर ते पूर्वज होतात का?

आपल्या आधी आपल्याच वंशात जन्मलेले ते पूर्वज. शब्दाचा नुसता अर्थ घेतला तर हयात आजोबाही त्यात बसतात, पण मराठीत तसा वापर नाही. हयात माणसाला पूर्वज म्हटलेलं कानाला खटकतं आणि घरात कुणाला रुचतही नाही. हयात असलेल्यांसाठी ‘वडीलधारी माणसं’, ‘थोरली माणसं’, ‘जाणती माणसं’ असे शब्द आहेत. ज्यांना आपण पाहिलं, ज्यांच्या मांडीवर खेळलो, ते आजोबा वारल्यावरही आपण त्यांना लगेच पूर्वज म्हणत नाही, ‘आमचे आजोबा’च म्हणतो. पूर्वज म्हणताना साधारणपणे त्याच्याही मागची, नावाने धूसर झालेली माणसं डोळ्यांपुढे असतात.

२. हा शब्द आला कुठून?

संस्कृतातून, जसाच्या तसा. ‘पूर्व’ म्हणजे आधी आणि ‘ज’ म्हणजे जन्मलेला. हा ‘ज’ ‘जन्’ या धातूतला. अग्रज, अनुज, वंशज, जलज या सगळ्यांत तोच आहे. शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौदाव्या सूक्तात, जिथे यमाची आणि पितरांची आळवणी आहे, तिथे ‘इदं नम ऋषिभ्यः पूर्वजेभ्यः पूर्वेभ्यः पथिकृद्भ्यः’ अशी ओळ येते. आधी जन्मलेल्या, वाट पाडून देणाऱ्या ऋषींना हे नमन. त्या ओळीतला ‘पथिकृत्’ हा शब्द मला विशेष आवडतो, कारण त्यात आधी जन्मल्याचा मान वाट पाडण्याच्या कामाशी जोडला आहे. आपल्याकडे डोंगरउतारावर दगड रचून, माती धरून पहिला मळा ज्यांनी काढला त्यांच्याबद्दल हेच म्हणता येईल.

३. रामरक्षेत रामाला ‘लक्ष्मणपूर्वज’ म्हटलं आहे. राम तर लक्ष्मणाचा भाऊ. मग पूर्वज कसा?

हा प्रश्न बहुतेक मुलांकडून येतो, आणि तो खरोखर चांगला आहे. ‘रामं लक्ष्मणपूर्वजं रघुवरं सीतापतिं सुंदरम्’ ही ओळ तिन्हीसांजेला दिव्यापुढे म्हणत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न कधीतरी पडायलाच हवा. संस्कृतात पूर्वज या शब्दाचा एक सरळ अर्थ ‘थोरला भाऊ’ असा आहे. अमरकोशात ‘पूर्वजस्त्वग्रियोऽग्रजः’ अशी नोंद आहे, म्हणजे पूर्वज, अग्रिय आणि अग्रज हे तिन्ही थोरल्या भावाचे शब्द. आधी जन्मला तो पूर्वज, मग तो एका आईच्या पोटचा असो की सात पिढ्यांमागचा. मराठीने यातला दुसरा अर्थ तेवढा ठेवला आणि थोरल्या भावासाठी दादा, अण्णा, भाऊ अशी घरची नावं घेतली. म्हणून आज मराठी वाक्यात थोरल्या भावाला पूर्वज म्हणू नये, पण स्तोत्रातला अर्थ तोच घ्यावा.

४. पितर आणि पूर्वज एकच ना?

नाही, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

पूर्वज हा काळाचा शब्द आहे. कोण आधी होऊन गेलं, एवढंच तो सांगतो. पितर हा नात्याचा आणि विधीचा शब्द आहे. संस्कृतातलं ‘पितृ’ म्हणजे बाप, आणि ‘पितरः’ हे त्याचं बहुवचन. लॅटिनमधला ‘पातेर’, फारसीतला ‘पिदर’ आणि इंग्रजीतला ‘फादर’ हे त्याचेच भाऊबंद. सगळे एकाच जुन्या मुळाचे. मराठीत ‘पितर’ बापाच्या अर्थाने वापरत नाहीत. एकट्या बापासाठी ‘पिता’ आहे. पितर म्हणजे ज्यांना पिंड आणि तिलांजली दिली जाते ते.

वारलेला माणूस लगेच पितर होत नाही. शास्त्राच्या भाषेत आधी तो ‘प्रेत’ असतो, आणि सपिंडीकरणाच्या विधीत त्याचा पिंड आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळला की त्याला पितरांत जागा मिळते. हा विधी पूर्वी वर्षअखेरीस व्हायचा, आता बहुतेक घरांत बाराव्या दिवशी उरकतात. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा आणि पणजा या तीनच पिढ्यांची नावं घेतात आणि त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपात पाहतात. चौथी पिढी नावाने मागे पडते. चौथ्यापासूनच्या तिघांना ‘लेपभाज’ म्हणतात, कारण हाताला चिकटून राहिलेल्या अन्नाचा लेप तेवढा त्यांच्या वाट्याचा. म्हणून दोनशे वर्षांमागच्या माणसाला पूर्वज म्हणणं चोख आहे. त्याच्यासाठी नावाने पितर म्हणून श्राद्ध होत नाही.

५. पितर म्हणजे फक्त पुरुषच का? आमच्या पणजीने सगळं घर उभं केलं, तिचं काय?

शब्द पुल्लिंगी आहे, यादी तशी नाही. संस्कृतात ‘पितरौ’ असं द्विवचन केलं की त्याचा अर्थ ‘आई आणि बाप’ होतो. पाणिनीने त्यासाठी ‘पिता मात्रा’ असं सूत्रच दिलं आहे, म्हणजे माता आणि पिता एकत्र बोलायचे असतील तर ‘पितृ’ हा एकच शब्द उरतो. कालिदासाच्या रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात ‘जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ’ म्हणताना पार्वतीचं नाव आधी येतं. श्राद्धातही माता, पितामही आणि प्रपितामही यांची नावं घेतली जातात, शिवाय आईकडच्या आजोबांची, म्हणजे मातामहांची ओळ असते. भाद्रपद वद्य नवमीला ‘अविधवा नवमी’ म्हणतात, ती सवाष्णपणी गेलेल्या बायकांसाठी.

यादीत बायका असूनही वंशावळ लिहिताना त्या गळतात. कोकणातल्या कितीतरी वंशावळींत पुरुषांची नावं सरळ रांगेत आणि पणजीच्या जागी नुसती रेघ असते. पणजीचं माहेरचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि सासरी ठेवलेलं नाव ही तिन्ही लिहा. जुन्या काळी लग्नात नाव बदलत असल्याने एकच बाई दोन कागदांत दोन नावांनी सापडते. म्हणून हे नुसतं मनाच्या समाधानासाठी सांगत नाही, शोध घेताना त्याचा उपयोग होतो (प्रश्न १५ पाहा).

६. ‘वाडवडील’मधला ‘वाड’ म्हणजे वाडा का? की वाडी?

दोन्ही नाही. जुन्या मराठीत ‘वाड’ हे विशेषण होतं, अर्थ मोठा, थोर, पुष्कळ. ज्ञानेश्वरीत ते भेटतं. प्राकृतातला ‘वड्ड’ म्हणजे मोठा, आणि ‘वडील’ हा शब्दही त्याच घराण्यातला, म्हणजे मोठा तो वडील. वाडवडील या शब्दात एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी येऊन बसले आहेत, जसे बाजारहाट, कामधंदा, दगडधोंडा. ‘वाड’ एकटा वापरायचा थांबला आणि या जोडीत तेवढा उरला. आजच्या बोलीत वाडी हा शब्द इतका रुळलेला आहे की ‘वाडीतले वडील’ असा अर्थ लावावासा वाटतो, पण शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही.

७. पूर्वज म्हणावं की वाडवडील? बोलताना कुठला शब्द बरा?

वाडवडील म्हटलं की मागे काहीतरी ठेवून गेलेली माणसं येतात. वाडवडिलांची जमीन, वाडवडिलांची पुण्याई, वाडवडिलांनी घातलेली रीत, वाडवडिलांपासून चालत आलेला मान. या सगळ्या ठिकाणी ‘पूर्वज’ घालून पाहा, अर्थ राहतो पण ऊब जाते. उलट अभ्यासाचं, इतिहासाचं, मोजमापाचं बोलायचं असेल तेव्हा पूर्वज बरा. ‘आमचे पूर्वज घाटावरून इथे आले’ हे वाक्य बरोबर बसतं. ‘बापजादे’ हा तिसरा शब्दही बोलण्यात आहे, पण तो जरा आवाज चढलेला असताना येतो, बांधाच्या भांडणात किंवा हक्क सांगताना. ‘आजेपणजे’ सगळ्यांत घरगुती. मालवणीत आजो आणि पणजो म्हणतात. गोव्याकडच्या कोकणीत ‘व्हडील’ आणि ‘म्हालगडे’ हे शब्द आहेत, आणि बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला ते सहज कळतात.

८. आजा, पणजा, खापरपणजा. याच्यापुढे काय म्हणायचं?

‘आजा’ संस्कृत ‘आर्यक’ आणि प्राकृत ‘अज्जअ’ अशा वाटेने आला. नातवाच्या बाजूने पाहिलं तर ‘नप्तृ’चा नातू झाला आणि ‘प्रनप्तृ’चा पणतू. पणजा-पणजीतला ‘पण’ त्याच प्रकारातला, एक पिढी पुढे किंवा मागे सरकवणारा. पणजाच्या बापाला खापरपणजा म्हणतात, आणि रोजच्या मराठीतली नात्यांची नावं साधारण तिथे थांबतात. त्यापुढे पिढीचा आकडा सांगावा : ‘आमच्यापासून सहावा’, ‘सातव्या पिढीतला’. मोजताना आपण स्वतः पहिली पिढी की बाप पहिली पिढी, हे आधी ठरवा आणि वंशावळीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दोन भाऊबंदांच्या वंशावळी जुळत नाहीत त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

९. गावच्या गाऱ्हाण्यात ‘पूर्वसा’ला हाक मारतात. हा पूर्वस कोण? आमचा पणजोबा का?

सिंधुदुर्गातल्या गावऱ्हाटीची, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या आणि मानपानाच्या रीतीची, ओळख नसलेल्या, शहरात वाढलेल्या मुलांना हे गूढ वाटतं. गाऱ्हाणं म्हणजे गावच्या वतीने देवापुढे मांडलेलं म्हणणं. गाऱ्हाणं घालणारा मानकरी रवळनाथ, सातेरी, पावणाई अशी गावची दैवतं एकेक करून नावाने जागवतो, बाराच्या आणि पाचाच्या (गावच्या ठरलेल्या मानकऱ्यांच्या) वहिवाटीचा उल्लेख करतो, आणि जमलेली माणसं दर टप्प्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या ओळीत पूर्वस येतो. ‘बाराचो पूर्वस’ अशीही हाक असते.

तो एका घराचा आजा किंवा पणजा नाही. गाव ज्यांनी वसवला, देवस्थानाची घडी ज्यांनी बसवली, त्या पहिल्या माणसांचं दैवतरूप म्हणजे पूर्वस. तो सगळ्या गावाचा असतो. म्हणून त्याचं नाव घेताना आडनाव येत नाही, गोत्र येत नाही. कुठे त्याचा पाषाण देवळाच्या आवारात असतो, कुठे झाडाखाली, कुठे वेगळी घुमटी. आपल्या घरचे मागे गेलेले लोक घरात आठवायचे, पूर्वस गावाने आठवायचा. ‘पूर्वस’च्या जागी ‘पूर्वज’ असं शुद्ध करून बोलण्याची लाट अलीकडे दिसते. माझी कळकळीची विनंती आहे की गाऱ्हाण्यातले शब्द शुद्ध करू नका. पूर्वज म्हटलं की गावाचा तो एकत्र पुरुष घराघरात वाटला जातो, आणि गाऱ्हाण्याला नेमकं त्याच्या उलट सांगायचं असतं.

१०. मग देवचार, राखणदार हेही पूर्वजच का?

नाही. राखणदार जागेचा असतो आणि पूर्वज वंशाचा. देवचार गावाची किंवा वाडीची हद्द राखतो, रात्रीचा फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, अशी श्रद्धा सिंधुदुर्गात आणि गोव्यात आहे. त्याला राखण, म्हणजे त्याचा ठरलेला मान, देतात, पिंड देत नाहीत. जमीन विकली तर घेणाऱ्याने राखण द्यायची असते, विकणाऱ्याच्या नातवाने नाही. फरक ओळखायची ही सोपी खूण. ज्याचं देणं जमिनीबरोबर जातं तो राखणदार, ज्याचं देणं रक्ताबरोबर जातं तो पूर्वज. पूर्वस या दोघांच्या मधे कुठेतरी उभा आहे (प्रश्न ९).

११. मूळपुरुष कुणाला म्हणायचं?

वंशावळीत ज्याच्यामागे नाव सापडत नाही तो मूळपुरुष. त्यालाही बाप होताच, पण आपल्याला माहीत असलेली ओळ त्याच्यापासून सुरू होते. कोकणात बहुधा तो ‘या गावात पहिला आलेला’ माणूस असतो. घरात त्याच्या नावाने दिवा किंवा पान ठेवायची रीत असेल तर ती त्याच्या एकट्यासाठी नसून त्या गावात रुजलेल्या साऱ्या शाखांसाठी असते. म्हणूनच चार घरं वेगळी झाली तरी मूळपुरुषाचं स्थान थोरल्या घरात एकच राहतं.

१२. म्हाळ म्हणजे काय? आणि हिंदी कॅलेंडरात हाच पंधरवडा आश्विनात का दाखवतात?

‘महालय’ हा शब्द बोलीत झिजून म्हाळ झाला. भाद्रपदाचा वद्य पंधरवडा हा पितृपक्ष, त्यात घरातल्या गेलेल्यांच्या तिथीला म्हाळ घालतात. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे भाद्रपदातली पौर्णिमा झाली की उत्तरेत आश्विन लागतो आणि आपला भाद्रपद वद्य त्यांचा आश्विन कृष्ण होतो. दिवस तेच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. तिथी चुकत नाही, घाबरू नका.

म्हाळाच्या जेवणात आपल्याकडे वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळू, भोपळा, काकडी असा पावसाळ्यातला परसातला माल येतो. केळीच्या पानावर आधी पितरांचं वाढतात, त्याला ‘वाडी’ म्हणतात. ही वाडी वस्तीची वाडी नव्हे. वाडी कावळ्याला दाखवून मग घरची माणसं जेवतात.

१३. आजोबा होडीवर गेले ते परत आलेच नाहीत. तिथी माहीत नाही. त्यांना पितर म्हणायचं का, आणि कधी आठवायचं?

किनाऱ्यावरच्या घरांतून हा प्रश्न येतो आणि तो विचारताना माणसं फार सांभाळून लिहितात. तिथी माहीत नाही म्हणून कुणी पितरांतून वगळलं जात नाही. तिथी ठाऊक नसलेल्या सगळ्यांसाठी भाद्रपद अमावास्या, म्हणजे सर्वपित्री, राखलेलीच आहे. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी आदल्या दिवशीची चतुर्दशी सांगितली आहे. समुद्रावर गेलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी लागू होऊ शकतात, तेव्हा घरात आजवर जी रीत पडली असेल ती चालवावी. देह मिळाला नसला तरी शास्त्राने दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी करण्याची सोय ठेवली आहे, त्याला पालाशविधी म्हणतात. तो झाला असेल तर आजोबा पितरांत आहेत. झाला की नाही हे घरात कुणालाच आठवत नसेल तर घराण्याच्या उपाध्यायांना विचारा. कोकणातली जुनी उपाध्याय घराणी आपल्या यजमानांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहेत.

१४. सातबाऱ्यावर ‘कूळ’ म्हणून आमच्या पणजोबांचं नाव आहे. म्हणजे ते आमच्या कुळाचे मूळपुरुष का?

इथे थांबा, कारण या एका शब्दाने कोकणात खूप गोंधळ घातला आहे. ‘कुळ’ म्हणजे घराणं : कुळाचार, कुळधर्म, कुळस्वामी. सातबाऱ्यावरचं ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणारा. खोताला (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला) किंवा सरकारला सारा देणारं एकेक घर मोजलं जायचं, आणि त्या मोजणीतून हा दुसरा अर्थ रुजला. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातला ‘कूळ’ तोच. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण कागदांवर शब्द राहिला. म्हणजे तुमचे पणजोबा ती जमीन कसत होते, एवढंच ती नोंद सांगते. तेवढंही कमी नाही. त्या काळात गरीब कुणब्याचं नाव ज्या मोजक्या कागदांवर उतरलं त्यांत हा रकाना येतो, आणि नावाबरोबर बहुधा त्यांच्या बापाचंही नाव मिळतं.

१५. चौथ्या पिढीच्या मागे काहीच माहीत नाही. शोध कुठून सुरू करू?

घरापासून. गावात जी सगळ्यांत म्हातारी बाई असेल तिच्याजवळ आधी बसा. पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात, बायकांना लग्नं आठवतात, आणि वंशावळ लग्नांवर उभी असते. कोण कुठून आली, कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या बारशाला कुणाचं नाव ठेवलं. नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत आपल्याकडे होती, म्हणून एकाच नावाचे दोन पुरुष एका पिढीआड सापडतात आणि त्यांना चुकून एकच माणूस धरलं जातं.

मग कागद. तलाठ्याकडचे जुने फेरफार सातबाऱ्यापेक्षा जास्त बोलतात, कारण वारस नोंद करताना मृताचं नाव, मृत्यूचा सुमार आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेली असतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात कडईपत्रकं मिळतात, त्यांत हिस्सेदार दिसतात. शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावची जन्ममृत्यूची नोंदवही पाहा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या आहेत. घरातलं कुणी तिथे गेलं असेल तर गाव आणि आडनाव सांगितल्यावर पान निघतं, आणि त्यात कधी कधी आलेल्या माणसाच्या हातची सही सापडते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीचे जिल्ह्याचे कागद रत्नागिरीच्या नावाने आहेत, आणि सावंतवाडी संस्थानातल्या गावांचे १९४८ पूर्वीचे दप्तर वेगळं. दुसरं, जुने कागद मोडीत आहेत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. वाचणारा माणूस शोधा, पण कागदाचं छायाचित्र आधी स्वतः काढून ठेवा.

आडनावावर विसंबू नका. ‘कर’ लावलेलं आडनाव गावावरून आलं आहे. ते पूर्वजाचं नाव सांगत नाही, पूर्वज कुठून निघाला ते सांगतं. गाव सोडल्यावर बाहेरच्यांनी ओळखीसाठी ते लावलं, म्हणून एकाच वंशाच्या दोन शाखा दोन ‘कर’ झालेल्या आढळतात आणि एकाच आडनावाच्या दोन घरांचं काही नातं नसतं.

१६. वडिलोपार्जित म्हणजे वडिलांनी कमावलेली जमीन ना?

शब्दावरून तसंच वाटतं. मराठी ‘वडील’ आणि संस्कृत ‘उपार्जित’ यांचा सांधा जोडून तो शब्द झाला आहे, पण त्यातले ‘वडील’ वाडवडील या अर्थाचे आहेत. वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन ‘स्वकष्टार्जित’. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित म्हणताना बाप, आजा आणि पणजा या सरळ पुरुष ओळीतून आलेली मिळकत धरतात. आईकडून आलेली त्यात येत नाही. श्राद्धातही तीन पिढ्या आणि मिळकतीतही तीन पिढ्या, हा निव्वळ योगायोग नाही. जुन्या धर्मशास्त्रात पिंड आणि वारसा यांचा विचार एकत्रच झाला होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना अशा मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही. प्रत्यक्ष वाटपाआधी वकिलाला कागद दाखवा.

१७. आमचं गोत्र काश्यप. म्हणजे कश्यप ऋषी आमचे पूर्वज झाले?

परंपरेच्या दृष्टीने होय, रक्ताच्या दृष्टीने तसं धरून चालता येत नाही. यजमानाने आपल्या पुरोहिताचं गोत्र घ्यावं अशी सोय शास्त्रातच आहे, आणि गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप सांगावं अशी रीत आहे. मराठा आणि कुणबी घरांत लग्न जुळवताना पाहतात ते देवक : कळंब, वड, पंचपल्लव वगैरे. तेही कुळाची खूण आहे, पूर्वजाचं नाव नव्हे.

१८. दत्तक गेलेल्या माणसाचे पूर्वज कोणते? आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचे?

दत्तक गेलेल्याचे पितर दत्तक घराण्याचे. श्राद्ध तिथल्यांचं, वारसा तिथला. पण पूर्वज हा जन्माचा शब्द आहे (प्रश्न २), त्यामुळे जन्मदात्या घराण्याचे लोक त्याचे पूर्वज राहतातच. वंशावळीत दोन्ही ओळी दाखवाव्यात, दत्तकाची तुटक रेघेने. सुनेचंही तसंच. सासरच्या म्हाळात ती राबते म्हणून तिच्या माहेरचे पूर्वज पुसले जात नाहीत. मुलीच्या मुलाने आईच्या वडिलांसाठी आश्विन शुद्ध प्रतिपदेला करायचं मातामह श्राद्ध हे त्याचंच रूप आहे.

१९. आम्ही श्राद्ध करत नाही. आमचे शब्द कोणते?

पूर्वज, वाडवडील, आजेपणजे हे सगळे शब्द तुमचेच आहेत. ते कुठल्याही विधीला बांधलेले नाहीत. पितर तेवढा बांधलेला आहे. किनाऱ्यावरचे ख्रिस्ती २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात, कोकणी मुसलमान घरांत फातेहा पढतात, बौद्ध घरांत पुण्यानुमोदन होतं. या सगळ्यांबद्दल लिहिताना ‘पितरांचं स्मरण’ असं लिहू नये, ‘वाडवडिलांचं स्मरण’ लिहावं.

२०. शाळेच्या पुस्तकात माणसाचा आणि माकडाचा ‘सामाईक पूर्वज’ असं आहे. हा शब्द चालतो का?

चालतो, आणि चपखल आहे. आधी जन्मलेला एवढाच अर्थ तिथे हवा असतो. तिथे पितर किंवा वाडवडील चालणार नाहीत.

२१. पूर्वज की पुर्वज? पितृपक्ष की पित्रुपक्ष?

पूर्वज, ‘पू’ दीर्घ. अनेकवचनही पूर्वजच, विभक्ती लागताना ‘पूर्वजांना’. पितृपक्ष, ‘तृ’. मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ होतो म्हणून कान फसतो. सामान्यरूप ‘वाडवडिलांनी’, बोलताना ‘वाडवडलांनी’ही म्हणतात. पूर्वस लिहिताना तो पूर्वसच लिहा.

२२. लग्नपत्रिकेत ‘पितरांच्या आशीर्वादाने’ छापायचं आहे. घरातली माणसं म्हणतात अशुभ दिसेल.

पितृपक्षात शुभकार्य टाळतात, त्यामुळे शब्दालाही ती छाया लागली आहे. प्रत्यक्षात लग्नाच्या आणि मुंजीच्या आधी नांदीश्राद्ध करतात, आणि त्यात ज्यांना बोलावतात ते ‘नांदीमुख पितर’, आनंदाच्या प्रसंगी हसऱ्या मुखाने येणारे. तिथे तीळ वापरत नाहीत आणि जानवंही सव्यच, म्हणजे नेहमीसारखं डाव्या खांद्यावरच, असतं, म्हणजे दुःखाच्या सगळ्या खुणा काढलेल्या. तेव्हा पितर लग्नात येतातच. तरीही पत्रिका वाचणाऱ्या दहा घरांना हे समजावत बसावं लागणार असेल तर ‘वाडवडिलांच्या पुण्याईने’ छापा. आईकडच्यांचाही मान राखायचा असेल तर ‘दोन्ही घराण्यांच्या वाडवडिलांच्या पुण्याईने’ असं छापावं.